वरच्या रंगाला भुलू नका: रीफवरचा मासा ओळखायचा कसा?

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे लक्षद्वीपमधल्या स्नॉर्केलिंगचे फोटो सगळीकडे झळकले आणि अरबी समुद्रातली ही बेटं घराघरांत चर्चेला आली. तसं मराठी पर्यटकाला पाण्याखालचं जग नवं राहिलेलं नाही. मालवण-तारकर्लीला जाऊन स्कूबा न करता परतणारे आता कमीच. अंदमानला गेलेली मंडळी स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, एक डाइव्ह मारतातच. वर आल्यानंतरचं संभाषण मात्र ठरलेलं असतं.

"काय काय दिसलं?"

"मासे! एवढे रंगीत, काय सांगू!"

"कोणते?"

"पिवळे होते... एक मोठा निळा होता... आणि काळे पट्टेवाले तर ढिगानं."

एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही, कारण पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले मासे डझनांनी आहेत. हिंदी आणि प्रशांत महासागराच्या उष्ण पट्ट्यात रीफवर राहणाऱ्या माशांच्या जाती काही हजारांत मोजतात. रीफ म्हणजे प्रवाळ नावाच्या इवल्या प्राण्यांचे चुन्याचे सांगाडे एकावर एक साचून बनलेला खडक. जगाच्या समुद्रतळाचा एक टक्कासुद्धा भाग त्यानं व्यापलेला नाही, पण तिथली दाटी विलक्षण असते. पहिल्यांदा खाली गेलेल्या माणसाची नजर साहजिकच सर्वांत भडक गोष्टीवर, म्हणजे रंगावर जाते. आणि मासा ओळखण्याच्या कामी सर्वांत बेभरवशाचा पुरावाही रंगच.

मासळीबाजारात बघा ना. टोपलीत पडलेले बहुतेक मासे चंदेरी किंवा करडेच असतात, तरी पापलेटला बांगडा आणि बांगड्याला सुरमई कुणी म्हणत नाही. एक चपटं आणि रुंद, दुसरा गोटीबंद, तिसरी लांब. कोळीण दहा हात अंतरावरून सांगते ते आकार बघून. पाण्याखाली गेल्यावर हीच नजर आपण बोटीवर ठेवून जातो.

पाण्याखाली रंगाचं होतं काय?

सूर्यप्रकाशात सगळे रंग असतात, पण पाणी ते सारख्या मापानं आत सोडत नाही. लाल सर्वांत आधी शोषला जातो. स्वच्छ पाण्यातसुद्धा ५ ते १० मीटर खोलीच्या दरम्यान तो जवळपास संपतो. त्यामागोमाग नारिंगी जातो, मग पिवळा. निळा सर्वांत खोलवर टिकतो, म्हणून अंदमानचे किंवा लक्षद्वीपचे फोटो निळेशार येतात. मालवणला किनाऱ्यालगत पाण्यात गाळ असतो, सूक्ष्म वनस्पती असतात. तिथं निळाही लवकर अडतो आणि सगळं हिरवट दिसतं.

याचा परिणाम असा की खडकाच्या कपारीखाली दिवसभर दडून बसणारा, टपोऱ्या डोळ्यांचा सोल्जरफिश खरा लालभडक, पण १५ मीटरवर तो काळपट तपकिरी दिसतो. तोच त्याचा फायदा. लाल उजेडच नसेल तिथं लाल अंग म्हणजे अंधारात मिसळून जायची सोय. कोरल ग्रुपर हा आपल्या हेकरूचा नातलग. तो तांबडा असतो आणि अंगभर निळे ठिपके असतात. खोल पाण्यात तांबडा रंग विझतो आणि ठिपके तेवढे चमकत राहतात. डाइव्हर त्याला 'काळा, निळ्या ठिपक्यांचा' म्हणून लिहून ठेवतो आणि मग पुस्तकात शोधत बसतो. छोटा टॉर्च जवळून मारला की हा गोंधळ क्षणात मिटतो.

आकारमानाचंही तेच. मास्कच्या काचेमागे हवा असते. प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो आणि वस्तू साधारण एक तृतीयांशानं मोठी व बरीच जवळ दिसते. ३० सेंटीमीटरचा मासा ४० चा वाटतो. वर येऊन हात पसरून सांगितलेल्या मापांतून एवढी वजावट करायला हरकत नाही. उरलेली अतिशयोक्ती ज्याची त्याची.

एकाच माशाची अनेक रूपं

पाण्यानं फसवलं नाही तरी मासा स्वतः फसवतो. याचं सर्वांत देखणं उदाहरण एम्परर एंजलफिश. मोठा झालेला एम्परर म्हणजे निळ्या अंगावर पिवळ्या रेघा, डोळ्यांवर काळी पट्टी. त्याचं पिल्लू मात्र गडद निळं, जवळजवळ काळं, आणि अंगावर एकात एक पांढरी वर्तुळं. दोघांत साम्य शोधूनही सापडत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या शास्त्रज्ञांनी मोठ्या माशाला एक शास्त्रीय नाव दिलं आणि काही वर्षांतच १८०१ मध्ये दुसरं एक नाव, आपल्या निकोबार बेटांवरून पडलेलं 'निकोबारिएन्सिस', छापून आलं. दोन्ही नावं एकाच जातीची हे नंतर उलगडलं. जाणकारांची ही गत, तर आपण पहिल्या डाइव्हला गोंधळलो यात नवल नाही.

पिल्लांचा वेगळा रंग कशासाठी, याचं एक उत्तर असं की मोठे मासे आपल्यासारख्या दिसणाऱ्याला हद्दीत टिकू देत नाहीत. वेगळ्या दिसणाऱ्या पिल्लाकडे दुर्लक्ष होतं. हार्लेक्विन स्वीटलिप्सचं पिल्लू याहून पुढं जातं. तपकिरी अंगावर पांढरे डाग घेऊन ते सतत लडबडत, वळवळत पोहतं, आणि असं मानतात की ते विषारी चपट्या कृमीचं सोंग आहे. मोठेपणी तोच मासा पांढरा, काळ्या ठिपक्यांचा आणि अगदी संथ होतो.

नंतर येतो लिंगबदल. रीफवर ही काही अपवादाची गोष्ट नाही. पॅरटफिश, म्हणजे पोपटासारखी चोच असलेला मासा, आणि त्याचे भाऊबंद, 'रास' नावाचे मासे, यांच्यात बऱ्याच जातींमध्ये मादी पुढं नर होते. मादीच्या रूपात तो राखाडी किंवा तांबूस तपकिरी असतो आणि नर झाल्यावर हिरवा, निळा, गुलाबी असा झळझळीत. पूर्वी या दोन रूपांना कितीतरी वेळा दोन जाती समजून नावं दिली गेली. क्लाउनफिशमध्ये उलटं चालतं. एका समुद्रफुलात, म्हणजे डंख मारणाऱ्या बोटांचा झुपका असलेल्या सी ॲनिमोनमध्ये, राहणाऱ्या टोळीत सर्वांत मोठी ती मादी आणि दुसऱ्या क्रमांकाचा तिचा नर. मादी मेली की हा नर मादी होतो आणि खालचा एक जण बढती मिळून नर होतो. गाइड या माशाला सिनेमातल्या 'नीमो' या नावानंच हाक मारतात. सिनेमावाल्यांनी हा भाग वगळला यात आश्चर्य नाही.

यात भर म्हणजे रोजचे बदल. फ्युझिलियर नावाचे निळे, सडपातळ मासे रात्री झोपताना लालसर होतात. हनुवटीला दोन मिशा असलेले गोटफिश दुसऱ्या माशाकडून अंग साफ करून घेताना गुलाबी-लाल होतात. एकच मासा सकाळच्या आणि रात्रीच्या डाइव्हला दोन रंगांत भेटू शकतो.

मग आधी काय बघायचं?

आकार. बाकी सगळं नंतर. शास्त्रज्ञ जवळच्या जातींचे गट करतात आणि त्यांचा एक मोठा गट म्हणजे कूळ. रीफवर शेकडो जाती दिसल्या तरी डोळ्यांत भरणारी कुळं दहा-बाराच असतात. आधी कूळ ठरवायचं, जातीचं पुढं बघता येईल. शहाण्या डाइव्हरची वहीसुद्धा 'बटरफ्लायफिश, कुठला ते माहीत नाही' अशा नोंदींनी भरलेली असते.

तळहाताएवढा, थाळीसारखा चपटा, पुढं काढलेलं छोटं तोंड, आणि बहुतेक वेळा जोडीनं फिरणारा दिसला की तो बटरफ्लायफिश समजावा. जगात यांच्या सुमारे १३० जाती आहेत. यांतल्या अनेकांच्या डोळ्यावरून काळा पट्टा जातो आणि काहींच्या मागच्या बाजूला खोटा डोळा असतो, म्हणजे हल्ला करणाऱ्यानं शेपटीला डोकं समजावं. अंदमान आणि लक्षद्वीपला सहज भेटणारा यातला एक म्हणजे कॉलर्ड बटरफ्लायफिश. गडद तपकिरी अंग, डोळ्यामागे ठसठशीत पांढरा उभा पट्टा, शेपटीच्या मुळाशी लाल.

असाच चपटा पण अंगानं भारदस्त, एकटा किंवा जोडीनं, आणि गालाखाली मागं वळलेला स्पष्ट काटा दिसला तर तो एंजलफिश. हा गालावरचा काटा बटरफ्लायफिशला कधीच नसतो. दोन्ही कुळांत रंगांची उधळण इतकी सारखी आहे की रंग बघून कुणी तासभर वाद घालत बसेल. काटा बघा, वाद संपला.

लांबट गोल अंग आणि शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना धारदार पातं असेल तर तो सर्जनफिश. नाव त्या पात्यावरूनच पडलं आहे आणि ते हाताला लागलं तर चांगलं खोल कापतं. हिंदी महासागरातला पावडर-ब्लू सर्जनफिश एकदा पाहिला की विसरत नाही. फिकट निळं अंग, काळा चेहरा, पांढरा गळा, पाठीवर पिवळा पर. पर म्हणजे माशाचा पंख. पुढं हाच शब्द वापरतो.

एकजीव झालेल्या दातांची चोच, मोठे खवले आणि खडक कुरतडल्याचा कुरकुर आवाज ही पॅरटफिशची खूण. हा आवाज पाण्याखाली खरोखर ऐकू येतो. खडकावरची शेवाळं आणि त्याबरोबर चुनखडी असं दोन्ही तो गिळतो आणि मागून बारीक वाळू सोडतो. मोठ्या जातीचा एक मासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो. बेटावरच्या ज्या पांढऱ्या पुळणीवर आपण फोटो काढतो, तिच्यातला बराचसा ऐवज कोणाच्या पोटातून आला आहे, हे सांगितल्यावर काही पर्यटक अंगावरची वाळू जरा घाईनं झटकतात.

बाकीची कुळं भराभर. मोठं तोंड, जाड ओठ, तळाशी स्वस्थ बसलेला तो ग्रुपर, म्हणजे हेकरू आणि गोबऱ्याचा गोतावळा. थव्यानं लटकणारा, बाजारातल्या तांबोशीचा भाऊबंद तो स्नॅपर. चौकोनी पेटीसारखं अंग तो बॉक्सफिश. फुगणारा तो पफर, कोकणातला केंड. वाळूत बसलेला बोटाएवढा गोबी, आणि भोकातून फक्त चेहरा बाहेर काढून बघणारा ब्लेनी.

चाल बघून माणूस ओळखतात, मासाही

आकार अंधुक दिसला तरी पोहण्याची ढब लांबून कळते. पॅरटफिश आणि रास शेपटी जवळजवळ हलवत नाहीत. छातीजवळचे दोन पर वल्ह्यासारखे मारत, वरखाली हेलकावे घेत जातात. ट्रिगरफिश पाठीवरचा मागचा पर आणि पोटाखालचा पर यांची लाट करत तरंगतो. अंदमानात काही ठिकाणी काळपट निळे, चंद्रकोरीसारख्या शेपटीचे मासे शेकड्यांनी अधांतरी फडफडताना दिसतात ते रेडटूथ्ड ट्रिगरफिश. धोका दिसला की सगळे एकदम कपारीत घुसतात आणि प्रत्येकाच्या शेपटीची दोन टोकं तेवढी बाहेर राहतात. फ्युझिलियर तळापासून वर, उघड्या पाण्यात वेगानं थवा घेऊन जातात. हॉकफिश पोहायचं टाळतो आणि प्रवाळाच्या फांदीवर बसून राहतो.

सोबत कोण आहे हेही बघावं. समुद्रफुलाच्या डंखांत निर्धास्त बसलेला छोटा मासा बहुधा क्लाउनफिशच्या कुळशाखेतला. वाळूतल्या बिळाच्या तोंडाशी पहारा देणारा गोबी आणि आतून माती उपसणारी आंधळट कोळंबी ही जोडी एकत्रच राहते. कोळंबीची मिशी सतत गोब्याच्या अंगाला टेकलेली असते. गोबी थरथरला की ती आत जाते.

सारखे दिसणारे

कूळ जमायला लागलं की पुढची पायरी सारख्या दिसणाऱ्यांची, आणि खरी गंमत इथंच आहे. त्याआधी एक व्याख्या करून घेऊ, नाहीतर नोंदी चुकतात. मासा सरळ पोहत असताना पाठीकडून पोटाकडे जाणारा तो उभा पट्टा, डोक्याकडून शेपटीकडे जाणारा तो आडवा.

पाठीवरून मागं झेपावलेला लांब पांढरा तुरा आणि अंगावर काळे-पांढरे-पिवळे उभे पट्टे, असं वर्णन दोन माशांना लागू पडतं. एक बॅनरफिश, तो बटरफ्लायफिशच्या कुळातला. दुसरा मूरिश आयडॉल, तो आपल्या कुळात एकटाच उरलेला आणि नात्यानं सर्जनफिशला जवळचा. शेपटी बघायची. बॅनरफिशची पिवळी, आयडॉलची काळी. शिवाय आयडॉलच्या लांबोड्या तोंडावर नारिंगी खोगीर असतं.

याहून चलाख जोडी म्हणजे क्लीनर रास आणि त्याचा तोतया. क्लीनर रास बोटाएवढा, निळसर अंगावर काळा आडवा पट्टा. ठराविक जागी तो 'दुकान' मांडून बसतो, मोठे मासे येऊन थांबतात आणि हा त्यांच्या अंगावरचे परजीवी, अगदी तोंडात आणि कल्ल्यांत शिरूनही, खाऊन साफ करतो. याच्याच रंगरूपाचा एक ब्लेनी असतो. गिऱ्हाईक विश्वासानं जवळ आलं की त्याच्या परांचा लचका तोडतो. ओळखायची खूण तोंडाची. रासचं तोंड नाकासमोर, तर तोतयाचं नाकाखाली दबलेलं.

तिसरी जोडी विषाची. काळ्या खोगिरांसारखे डाग पाठीवर घेतलेला छोटा सॅडल्ड पफर विषारी असतो, म्हणून त्याला कुणी खात नाही. त्याच डागांचा एक फाइलफिश निव्वळ त्या पुण्याईवर जगतो. पफरचा पाठीवरचा पर आखूड, एका जागी चिकटवल्यासारखा. फाइलफिशचा लांब, पाठीच्या मागच्या अर्ध्या भागावर पसरलेला.

या तिन्ही जोड्यांत निकाल लागला तो शेपटी, तोंड आणि पर यांवर.

पत्ता विचारल्याशिवाय नाव सांगू नका

क्लाउनफिशच्या दोन जाती नारिंगी अंग आणि तीन पांढरे पट्टे घेऊन इतक्या सारख्या दिसतात की पुस्तकं पाठीवरच्या परातले काटे मोजायला सांगतात. ऑसेलॅरिसला बहुधा ११, पर्क्युलाला १०. पाण्याखाली हलत्या माशाचे काटे मोजायचा सल्ला देणारा माणूस कधी पाण्यात उतरला असेल का, अशी मला शंका आहे. पण तुम्ही अंदमानात असाल तर मोजायची गरजच नाही, कारण पर्क्युला ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य भागात आणि न्यू गिनी, सॉलोमन बेटांच्या बाजूला राहतो. अंदमानातला तो ऑसेलॅरिसच.

हिंदी आणि प्रशांत महासागरांत अशा जवळच्या जातींच्या जोड्या बऱ्याच आहेत. पावडर-ब्लू सर्जनफिश हिंदी महासागरातला, त्याचा काळा भाऊ प्रशांतातला. ख्रिसमस आणि कोकोस बेटांजवळ दोघांच्या हद्दी भिडतात आणि तिथं त्यांचा संकरही होतो. म्हणून ऑस्ट्रेलिया किंवा इंडोनेशियाच्या पूर्व भागातल्या माशांचं पुस्तक घेऊन लक्षद्वीपला गेलात तर निम्म्या वेळी चुकीच्या भावाचं नाव लिहाल. आपल्याकडे मालदीव, श्रीलंका, अंदमान या पट्ट्याचं पुस्तक किंवा फलक घ्यावा.

समुद्र ठरला की जागा नोंदवायची. वाळू, प्रवाळाच्या फांद्या, कपार की उघडं पाणी. खोली साधारण किती. दिवस की रात्र. या चार शब्दांनी यादी झपाट्यानं लहान होते.

"मग फोटो काढला की ॲप सांगेलच की!"

हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. आयनॅचरलिस्टसारखं ॲप फोटो बघून नाव सुचवतं आणि नंतर जाणकार माणसं ते तपासतात. फिशबेस या संकेतस्थळावर ३५,००० च्या वर जातींची माहिती फुकट आहे. दोन्ही जरूर वापरा. पण यंत्र फोटोत जे आहे तेच बघणार. फोटो निळाकाळा, मासा शेपूट करून पळालेला, ठिकाण लिहिलेलं नाही, असं असेल तर ते बेधडक प्रशांतातलं नाव सांगून मोकळं होतं. मासा बाजूनं, शेपटीसकट, जवळून टिपला आणि ठिकाण भरलं तर मात्र उत्तर बहुतेक वेळा चांगलं येतं.

दुसरं असं की नवख्या डाइव्हरच्या हाती कॅमेरा आला की तो श्वास, खोली आणि खालचे प्रवाळ, तिन्ही विसरतो. पहिल्या काही डाइव्हना मी तरी पाण्याखाली लिहिता येणारी प्लॅस्टिकची पाटी आणि पेन्सिल सुचवेन. माशाची बाह्यरेषा काढायची, शेपटी कापलेली, गोल की चंद्रकोरी ते दाखवायचं, पट्टे उभे की आडवे आणि डोळ्यावरून जातात का ते मांडायचं. चित्रकला यावी लागत नाही. रंग शेवटी, एका शब्दात, तेही प्रश्नचिन्ह लावून.

किती दिसले तेही लिहा. अमेरिकेतली 'रीफ' ही संस्था १९९३ पासून हौशी डाइव्हरांकडून माशांच्या नोंदी घेते आणि तिथं मोजणीची पद्धत फार सोपी आहे. एक, दोन ते दहा, अकरा ते शंभर, किंवा शंभराच्या वर. एवढंच. अचूक आकडा कुणी मागत नाही.

"रंग इतके फसवे, तर माशांना त्यांचा उपयोग काय?"

रंग त्यांच्या डोळ्यांसाठी आहेत, आपल्या नाही. जवळून भडक दिसणारं पिवळं-निळं अंग थोड्या अंतरावरून प्रवाळाच्या आणि निळ्या पाण्याच्या पार्श्वभूमीत विरघळतं. म्हणजे शेजाऱ्याला जाहिरात आणि लांबच्या शत्रूपासून लपण, दोन्ही एकाच अंगरख्यात. बरेच रीफमासे अतिनील किरणंही बघू शकतात, जे आपल्याला दिसत नाहीत. पश्चिम प्रशांतातल्या ॲम्बॉन डॅमसेल आणि लेमन डॅमसेल या दोन पिवळ्या जाती आपल्याला जवळपास सारख्या वाटतात; त्यांच्या चेहऱ्यावर मात्र अतिनील प्रकाशात उमटणारी वेगवेगळी नक्षी असते आणि त्यावरून ते परका कोण ते ओळखतात.

"नाव नाही कळलं तर काय अडलं?"

एक, अंगाशी येऊ शकतं. टायटन ट्रिगरफिश अंडी राखत असताना डाइव्हरनं पायात घातलेल्या फिनला, कधी थेट पायाला चावतो. तो राखतो ती हद्द घरट्यापासून वर वर रुंद होत गेलेल्या शंकूसारखी असते. घाबरून सरळ वर गेलात तर तिच्यातच राहाल. आडवं पोहत दूर व्हायचं, त्याच्याकडे तोंड आणि फिन त्याच्या दिशेला ठेवून. हा मासा कुठला हे ओळखणाऱ्याला ही गोष्ट आधीच सुचते.

लायनफिशचे पिसाऱ्यासारखे पर बघून लोक हात पुढं करतात. त्या परांच्या काट्यांत विष असतं. स्टोनफिश आणि स्कॉर्पिअनफिश तर दगडापासून वेगळे दिसतच नाहीत, म्हणून तळाला पाय टेकायचा नाही आणि काहीही धरायचं नाही, हा नियम सर्वांना. काटा लागलाच तर जखमेचा भाग सोसवेल इतक्या, साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात ३० ते ९० मिनिटं ठेवतात. त्यानं विषाचा जोर आणि वेदना कमी होतात. भाजणार नाही याची खात्री दुसऱ्यानं हात घालून करायची, कारण जखमी माणसाला उष्णतेचा अंदाज राहत नाही. आणि डॉक्टरांकडे जायचंच.

दोन, आणि मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं: माशांवरून रीफची तब्येत कळते. पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं की प्रवाळ आपल्या पेशींत राहणारं, त्यांना अन्न पुरवणारं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. याला ब्लीचिंग म्हणतात. लक्षद्वीपनं ते १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये सोसलं. २०२४ मध्ये, ज्या वर्षी ती बेटं फोटोंत गाजली त्याच वर्षी, पुन्हा. एप्रिल २०२४ मध्ये हे जगभरातलं चौथं मोठं ब्लीचिंग असल्याचं जाहीर झालं.

शेव्हरॉन बटरफ्लायफिश जवळजवळ फक्त टेबलासारख्या पसरलेल्या ॲक्रोपोरा प्रवाळाचे जीवच खातो. ते प्रवाळ मेले की तो आधी नाहीसा होतो. इतर काही बटरफ्लायफिश किडे, शेवाळ असं मिळेल ते खातात, ते टिकून राहतात. 'पिवळे पट्टेवाले मासे अजून भरपूर आहेत' असं म्हणणाऱ्याला सगळं आलबेल वाटेल. कोणता पिवळा गेला आणि कोणता उरला हे सांगणाऱ्याला रीफवर काय घडलं ते कळतं. पॅरटफिशचंही असंच. मेलेल्या प्रवाळावर शेवाळ माजलं तर नव्या प्रवाळपिल्लांना चिकटायला जागा मिळत नाही, आणि ते खरवडून काढणारे हेच. ते जाळ्यात संपले तर रीफ सावरायला फार वेळ लागतो.

मालवणला सुरुवात करायची तर

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा २९ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे. इथं लक्षद्वीपसारखी मोठी रीफ नाही. खडक आणि त्यांवर विखुरलेले प्रवाळ आहेत. पावसाळ्यात सगळं बंद असतं. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत पाणी उघडतं, पण गाळामुळे किती लांबचं दिसेल ते रोज बदलतं. पोहता न येणाऱ्यालाही इन्स्ट्रक्टर धरून खाली नेतो. एक मात्र करा: बोटीवाला माशांना ब्रेड किंवा बिस्किटं टाकू लागला तर नको म्हणा. खाण्यासाठी अंगावर झेपावणाऱ्या झुंडीत ना चाल कळते ना जागा, आणि माशांच्या सवयी बिघडतात त्या वेगळ्याच. आपले दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा तुकडा आठवण म्हणून उचलणं हा गुन्हा आहे.

तर पहिल्या डाइव्हला तुमच्याभोवती गोळा होतील ते 'काळे पट्टेवाले' मासे बहुधा सार्जंट असतील, डॅमसेलच्या कुळातले. काळे पट्टे सगळ्यांनाच आहेत, त्यामुळे मोजा. पाच रुंद उभे पट्टे आणि पाठीवर पिवळी झाक असेल तर इंडो-पॅसिफिक सार्जंट. सहा-सात आणि अरुंद असतील तर बेंगॉल सार्जंट. पाचच आहेत, पण शेपटीच्या दोन्ही पात्यांवर एकेक काळी रेघही आहे, तर तो तिसराच, सिझरटेल.